बंड्याच्या गुडघ्याचे चार महिने

आमचा कुत्रा बंड्या बसताना डावा मागचा पाय अंगाखाली न घेता बाजूला टाकतो, हे मला दिसत होते. त्याचा अर्थ मात्र कळत नव्हता. तो सात वर्षांचा होता, वजन ३१ किलो होते आणि चेंडूमागे धावणे हा त्याच्या दिवसातला सर्वांत मोठा आनंद होता. झोपून उठल्यावर पहिली काही पावले तो लंगडत टाकायचा आणि थोडे चालल्यावर लंगडणे जवळजवळ नाहीसे व्हायचे. त्यामुळे पाय आखडला असेल, वयही होत आले आहे, अशी मी स्वतःची समजूत घालत राहिलो. ज्या दवाखान्यात त्याला प्रथम नेले तिथे मुरगळल्याचे निदान झाले आणि पाच दिवसांच्या वेदनाशामक गोळ्या मिळाल्या. गोळ्यांनी लंगडणे थांबले, आम्ही त्याला पुन्हा मोकळे सोडले आणि दोन आठवड्यांत तो पुन्हा लंगडू लागला. हे चक्र तीन वेळा फिरले. चौथ्या वेळी तो अंथरुणावरून उठला तेव्हा पाय जमिनीला टेकवेनाच.

त्यानंतर आम्ही पशुशल्यचिकित्सकांकडे गेलो. त्यांनी बंड्याला उभे केले, त्याच्या मागे बसून दोन्ही मांड्या एकाच वेळी दोन्ही हातांनी चाचपल्या आणि मग मलाही तसेच करून पाहायला सांगितले. डावी मांडी उजवीपेक्षा स्पष्टपणे बारीक झाली होती. रोज ज्याच्या अंगावरून मी हात फिरवत होतो, त्याची मांडी निम्म्याने झडल्यासारखी झाली तरी मला ते जाणवले नव्हते, याचे वाईट वाटले. नंतर त्यांनी एका हाताने मांडीचे हाड आणि दुसऱ्या हाताने नडगीचे हाड धरून नडगी पुढे सरकते का, हे पाहण्याचा प्रयत्न केला. बंड्याने स्नायू इतके ताठ धरले होते की काहीच हलेना. हलकी गुंगी दिल्यावर मात्र नडगीचे हाड कपाटाच्या खणासारखे पुढे सरकलेले मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. गुडघ्याच्या आत या दोन हाडांना एकमेकांशी धरून ठेवणारे पुढचे क्रुसिएट लिगामेंट तुटले होते. एक्स-रेमध्ये लिगामेंट दिसत नाही; परंतु सांध्यात साठलेला द्रव आणि हाडांच्या कडांना सुरू झालेली झीज त्यात दिसली, आणि हे दुखणे कालपरवाचे नाही, हेही त्यावरून कळले.

माणसांमध्ये हे लिगामेंट बहुतेक वेळा खेळताना किंवा अपघातात एका झटक्यात तुटते. कुत्र्यांमध्ये बहुधा तसे होत नाही. जुन्या दोराचे पीळ एकेक करून उसवावेत तसे ते अनेक महिने विरत जाते आणि एखाद्या साध्याशा उडीत उरलेले धागेही तुटतात. म्हणून ‘परवा नेमके काय झाले?’ या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि डॉक्टरांना त्याचे आश्चर्यही वाटले नाही.

त्यांनी सुचवलेल्या शस्त्रक्रियेचे लांबलचक नाव टिबियल प्लॅटो लेव्हलिंग ऑस्टिओटॉमी असे आहे. सगळे जण तिला टीपीएलओ म्हणतात. अमेरिकी पशुशल्यचिकित्सक बार्कले स्लोकम यांनी ती विकसित केली आणि तिचे वर्णन १९९३ मध्ये प्रसिद्ध केले. कुत्र्याच्या नडगीच्या हाडाचा वरचा पृष्ठभाग सपाट नसून मागच्या बाजूला उतरता असतो. पाय टेकला की मांडीचे हाड त्या उतारावरून मागे घसरू पाहते आणि नडगी पुढे ढकलली जाते. लिगामेंट शाबूत असेपर्यंत ते हे घसरणे रोखून धरते. टीपीएलओमध्ये तुटलेले लिगामेंट जोडत नाहीत. नडगीचा वरचा भाग गोल करवतीने कमानीच्या आकारात कापून फिरवतात, उतार साधारण पाच अंशांपर्यंत कमी करतात आणि तो भाग धातूची प्लेट व स्क्रू लावून पक्का करतात. बंड्याच्या हाडाचा उतार २६ अंश होता. उतार गेला की घसरण्याचे कारण जाते, आणि लिगामेंटविना गुडघा भार घेऊ शकतो.

हे समजावून सांगताना डॉक्टरांनी उच्चारलेले एक वाक्य मी त्यानंतरचे चार महिने मनात घोळवत राहिलो. ते म्हणाले, “तुम्ही असे समजा की आम्ही त्याचा पाय मुद्दाम मोडणार आहोत आणि नीट बसवून देणार आहोत. त्याला बरे कधी वाटेल ते त्याचे तो ठरवील. हाड कधी सांधेल ते हाड ठरवते.” हाड सांधायला साधारण आठ ते बारा आठवडे लागतात. कुत्र्याला मात्र तिसऱ्या आठवड्यापासूनच आपण ठणठणीत आहोत असे वाटू लागते. या दोन वेळापत्रकांमध्ये जे अंतर आहे, ते अंतर सांभाळणे हेच आमचे खरे काम होते, आणि शस्त्रक्रियेआधी मला त्याची पुरेशी कल्पना नव्हती.

शस्त्रक्रियेला आठ दिवस होते. त्या दिवसांत आम्ही केलेली तयारी पुढे फार उपयोगी पडली, म्हणून तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. बैठकीच्या खोलीच्या एका कोपऱ्यात जाळीचे कुंपण उभे केले. त्यात त्याला नीट उभे राहता यावे, वळता यावे आणि पाय पसरून आडवे होता यावे, पण धाव घेता येऊ नये, इतकीच जागा ठेवली. कुंपणापासून दारापर्यंतच्या गुळगुळीत फरशीवर रबरी मॅट अंथरल्या. ताज्या शस्त्रक्रियेच्या पायाला घसरण्याइतका दुसरा धोका नाही, आणि आपण घसरतो आहोत असे वाटले की कुत्रा सगळे अंग आखडून चालतो. सोफ्यावर उलट्या खुर्च्या ठेवून तो बंद केला. शेवटी, ज्या वस्तू त्याला नंतर सहन कराव्या लागणार होत्या त्यांची आधीच ओळख करून दिली: गळ्यातली शंकूच्या आकाराची कॉलर, पोटाखालून आधार देण्याची झोळी आणि स्वतः ते कुंपण. रोज थोडा वेळ कॉलर घालून त्यातच आवडीचा खाऊ द्यायचा, झोळी पोटाखाली धरून दोन-चार पावले चालायचे. वेदनेच्या दिवशी या गोष्टी नव्याने समोर आल्या असत्या, तर त्याने त्या निश्चितच झुगारून दिल्या असत्या.

शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याला घरी आणले. मांडीच्या मध्यापासून घोट्याजवळपर्यंत केस काढलेला, टाक्यांची लांब रांग असलेला तो पाय पाहून माझी मुलगी रडू लागली. ती रात्र फार कठीण गेली. बंड्या डोळे अर्धवट उघडे ठेवून सतत कण्हत होता, आणि आमच्याकडे पाहत असूनही आम्हाला ओळखत नसल्यासारखा वाटत होता. त्याला असह्य वेदना होत आहेत असे समजून मी मध्यरात्री दवाखान्याच्या तातडीच्या क्रमांकावर फोन केला. डॉक्टरांनी शांतपणे काही प्रश्न विचारले: हिरड्या गुलाबी आहेत का, श्वास नियमित आहे का, जवळ बसून बोलल्यावर क्षणभर तरी कण्हणे थांबते का, जखमेच्या आसपास हात लावल्यावर कण्हणे वाढते का. उत्तरे ऐकून ते म्हणाले की हा बहुधा भुलीच्या आणि अफूवर्गीय वेदनाशामकांच्या अमलाखालचा गोंधळ आहे, तो ओसरेल. तो पहाटे ओसरला. त्या रात्रीपुरते मी कुंपणाच्या आत त्याच्या शेजारी गादी टाकून झोपलो, आणि पुढचे दहा दिवस तिथेच झोपत राहिलो.

पहिल्या आठवड्यात ज्या गोष्टींनी आम्ही घाबरलो, त्यांतल्या बऱ्याच स्वाभाविक होत्या. घरी आल्यावर कित्येक तास त्याने लघवी केली नाही. पोटाखाली झोळी धरून, नेहमीच्या जागी शांतपणे उभे केल्यावर ती झाली. शौचाला चौथा दिवस उजाडला, कारण भूल, अफूवर्गीय औषधे आणि कमी खाणे या तिन्हींमुळे आतडी मंदावतात. तिसऱ्या दिवशी गुडघ्याची सूज उतरून घोट्याभोवती आली आणि मांडीच्या आतल्या बाजूला जांभळे डाग पसरले. द्रव गुरुत्वाकर्षणाने खाली उतरतो, इतकेच त्याचे कारण होते. माझ्या आईला त्याचे अंग सतत तापलेले वाटे; पण कुत्र्याचे नेहमीचे तापमानच ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असते, त्यामुळे आपल्या हातावर विश्वास ठेवण्यापेक्षा थर्मामीटर वापरणे बरे. ज्यांना स्वाभाविक म्हणून सोडून द्यायचे नव्हते अशा गोष्टींची यादी डॉक्टरांनी वेगळी लिहून दिली होती: टाक्यांतून येणारा पू किंवा दुर्गंधी, वाढत जाणारी लाली, जेवणाकडे पाठ फिरवणे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे टेकू लागलेला पाय अचानक पुन्हा वर उचलून धरणे.

पहिले तीन दिवस दिवसातून चार वेळा, पातळ कापडात गुंडाळलेला बर्फ गुडघ्याभोवती दहा ते पंधरा मिनिटे धरायचा होता. पहिल्या वेळी बंड्याने मान वळवून माझ्या हाताला नाक लावले. चौथ्या वेळेपर्यंत बर्फाची पिशवी दिसली की तो स्वतःहून कुशीवर पडू लागला. गार स्पर्शाने ठणका कमी होतो हे त्याला कळले होते, असे मला वाटते.

औषधांच्या बाबतीत आम्ही एक वही ठेवली आणि घरातल्या प्रत्येकाने दिलेली प्रत्येक गोळी वेळेसह तिच्यात लिहिली. तिघे जण काळजी घेत असताना एक मात्रा दोनदा दिली जाण्याचा किंवा मुळीच न दिली जाण्याचा संभव फार असतो. सूज आणि वेदना कमी करणारे मुख्य औषध पोट भरलेले असतानाच द्यायचे होते. सहाव्या दिवशी बंड्याला दोनदा उलटी झाली. आम्ही पुढची गोळी न देता आधी फोन केला, आणि डॉक्टरांनी ते औषध थांबवून दुसरे दिले. या वर्गातल्या औषधांनी पोटात व्रण होऊ शकतात. उलटी, जुलाब किंवा डांबरासारखी काळी शी दिसली तर ‘कोर्स पूर्ण करू’ म्हणून ते रेटायचे नसते. त्याच सुमारास एका हितचिंतकाने आपल्या स्वतःच्या गुडघेदुखीवरची आयबुप्रोफेनची गोळी अर्धी करून देण्याचा सल्ला दिला. हेतू चांगला होता, पण आयबुप्रोफेन कुत्र्यांसाठी विषारी आहे, त्याने मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. माणसाचे कोणतेही वेदनाशामक पशुवैद्यांना विचारल्याशिवाय कुत्र्याला देऊ नये, हे मी इथे आवर्जून सांगतो.

कॉलरचा प्रश्न आमच्या मुलीने सोडवला आणि बिघडवलाही. ती कॉलर दारांना, भिंतींना आपटत बंड्या हिंडायचा आणि मग एका जागी मान खाली घालून उभा राहायचा, ते तिला पाहवत नसे. नवव्या दिवशी तिने आपण समोर बसलो आहोत या भरवशावर कॉलर काढली. दोन मिनिटांसाठी ती पाणी आणायला उठली आणि परत येईपर्यंत बंड्याने टाक्यांची खालची कड चाटून ओली आणि लाल केली होती. सुदैवाने टाके उसवले नाहीत. पण एक्स-रेत पाहिलेली प्लेट त्या कातडीखाली फार खोल नसते, आणि बाहेरचा जंतू तिथवर पोहोचला तर तो केवळ कातडीचा संसर्ग राहत नाही, हे डॉक्टरांनी समजावल्यावर मुलीने कॉलरची जबाबदारी स्वतःकडे घेतली. चौदाव्या दिवशी टाके निघेपर्यंत ती तिने एकदाही काढू दिली नाही.

पाय टेकण्याची पहिली नोंद आमच्या वहीत तिसऱ्या दिवशी आहे: “उभा असताना बोटे टेकवली.” दहाव्या दिवशी तो हळू चालताना पायावर थोडा भार देऊ लागला. इथे मला एक गोष्ट शिकावी लागली. सुरुवातीला त्याला बाहेर नेताना मी नकळत माझ्या नेहमीच्या चालीने चालत होतो, आणि बंड्या डावा पाय उचलून तीन पायांवर उड्या मारत येत होता. फिजिओथेरपिस्टने पाहिले आणि मला अक्षरशः थांबवले. कुत्रा वेगात असला की दुखरा पाय उचलून घेणे त्याला सोपे जाते. संथ चालीत मात्र चारही पाय क्रमाने टेकवल्यावाचून त्याला गत्यंतर नसते. म्हणून चाल जितकी संथ, तितका पाय अधिक वापरला जातो. त्यानंतर आम्ही इतके हळू चालू लागलो की पाच मिनिटांत अंगणाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतच जाणे होई. आखूड पट्टा, दिवसातून चार वेळा, प्रत्येकी पाच मिनिटे. दर आठवड्याला त्यात फार तर पाच मिनिटांची भर.

गुडघा वाकवण्याचा आणि सरळ करण्याचा व्यायाम रोज तीन वेळा असे. बंड्याला उजव्या कुशीवर झोपवायचे, एक हात गुडघ्याच्या वर मांडीला आणि दुसरा घोट्याजवळ ठेवायचा, आणि त्याने कान मागे घेतले, ओठ चाटले किंवा मान वळवली की तिथेच थांबून परत यायचे. जबरदस्तीने एक अंशही पुढे न्यायचे नाही. सुरुवातीला प्रत्येक वेळी दहा आवर्तने, नंतर पंधरा. हे काम माझी पत्नी माझ्यापेक्षा फार चांगले करी, कारण तिच्या हातांना घाई नव्हती. व्यायामाच्या आधी कोमट शेक दिला की स्नायू सैल पडत. पण शेक सूज उतरल्यावरच सुरू केला होता, आधी नाही. व्यायाम संपेपर्यंत बंड्या बहुतेक वेळा झोपलेला असे, आणि त्या वीस मिनिटांत घरात कोणीही मोठ्याने बोलत नसे.

तिसऱ्या आठवड्याअखेर मुख्य वेदनाशामके थांबली आणि खरा कठीण काळ सुरू झाला. बंड्या आता आनंदी होता. त्याची शेपटी पुन्हा हलू लागली, भूक वाढली, दारावरच्या प्रत्येक आवाजाला तो उठून उभा राहू लागला. येणारेजाणारे म्हणत की हा तर बरा झाला, आता कशाला कोंडून ठेवता. त्यांना सांगून पटत नसे की आत हाडाच्या कापावर अजून जेमतेम मऊ भरण तयार होत आहे आणि सध्या त्याचे सगळे वजन एक धातूची प्लेट आणि काही स्क्रू पेलत आहेत. एका चुकीच्या उडीने स्क्रू सैल होऊ शकतो, नडगीचा तुकडा निखळू शकतो. त्याला अडवताना माझ्या मनाला रोज यातना होत. ज्याचे सगळे सुख धावण्यात आहे त्याला, आता धावता येईल असे त्याला वाटत असताना, मी आडवा जाऊन थांबवत होतो, आणि त्याचे कारण त्याला सांगण्याची भाषा माझ्याजवळ नव्हती.

शरीर थकवता येत नसेल तर डोके थकवावे, हा फिजिओथेरपिस्टचा सल्ला या काळात सर्वांत जास्त उपयोगी ठरला. आम्ही वाटीतून जेवण देणे बंद केले. रोजच्या अन्नातला मोठा भाग कापडाच्या घड्यांत, पुठ्ठ्याच्या खोक्यात, गुंडाळलेल्या टॉवेलमध्ये लपवून कुंपणात ठेवू लागलो, आणि तो पडल्या पडल्या नाकाने एकेक दाणा शोधून काढू लागला. पंधरा मिनिटे असे हुंगल्यावर तो जितका गाढ झोपे, तितका चेंडूमागे तासभर धावूनही झोपत नसे. मुलीने त्याला नाकाने हाताच्या तळव्याला स्पर्श करणे आणि हनुवटी मांडीवर टेकवून स्थिर राहणे शिकवले. ही दुसरी गोष्ट पुढे पाय मोजताना फार कामी आली. कुंपणही दर चार-पाच दिवसांनी हलवून घरात जिथे माणसे असतील तिथे नेऊ लागलो. अगदीच अनावर झालेल्या दिवसांसाठी डॉक्टरांनी ट्रॅझोडोन हे शांत करणारे औषध दिले होते. ते देताना सुरुवातीला मला अपराधी वाटे. पाचव्या आठवड्यानंतर मात्र तसे वाटले नाही.

त्या आठवड्यात जे घडले ते माझ्या हातून घडले. संध्याकाळचा फेरा आटोपून मी बंड्याला कुंपणात आणले, पट्टा काढला आणि फोन वाजला म्हणून कडी न लावताच वळलो. त्याच क्षणी दारावरची घंटा वाजली. तो माझ्या पायांजवळून सुटला, मॅट जिथे संपते तिथल्या उघड्या फरशीवर मागचे दोन्ही पाय त्याच्या अंगाखालून निसटले, आणि तो डाव्या गुडघ्यावर बसकण मारल्यासारखा आदळला. तो ओरडला नाही. उठला, दारापर्यंत तीन पायांवर गेला आणि मला पाहून शेपटी हलवली. पाच आठवडे तिघांनी मिळून जे जपले होते ते मी एका कडीपायी घालवले, असे मला त्या वेळी वाटले, आणि त्या रात्री मला झोप लागली नाही.

सकाळी पुन्हा एक्स-रे काढला. प्लेट जागेवर होती, सगळे स्क्रू घट्ट होते, कापाची रेषा सरकली नव्हती. गुडघ्याच्या वाटीपासून नडगीपर्यंत येणारा जाड पट्टा मात्र सुजला होता. या शस्त्रक्रियेनंतर त्या पट्ट्यावर आधीच जास्त ताण येतो, म्हणून तो सहज दुखावतो. आठवडाभर वेदनाशामके, फेरे पुन्हा पाच मिनिटांवर, आणि वेळापत्रक दोन आठवडे मागे. डॉक्टरांनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही. “कुंपणाच्या दारापर्यंत पट्टा, आणि कडी लावल्यावरच पट्टा काढायचा,” एवढेच ते म्हणाले. त्या दिवसापासून घरातही त्याच्या गळ्यात पट्टा नसलेला आणि कडी उघडी असलेला एकही क्षण आम्ही येऊ दिला नाही.

आठव्या आठवड्याच्या तपासणीत कापाची काळी रेषा धूसर होऊन बऱ्याच ठिकाणी पांढरट भरणाने जोडली गेलेली दिसली. आधीच्या आणि नंतरच्या एक्स-रे शेजारी शेजारी लावल्या होत्या. मी बराच वेळ त्यांच्याकडे पाहत उभा राहिलो. आता व्यायामाचे स्वरूप बदलले: बसून सरळ उठणे, जमिनीवर ठेवलेल्या काठ्यांवरून एकेक पाऊल उचलून चालणे, हलक्या चढावर संथ जाणे. बसून उठण्याच्या व्यायामात त्याला भिंतीला डावी बाजू लावून बसवायचे असे, म्हणजे डावा पाय बाहेर टाकायला जागाच उरत नाही आणि दोन्ही मांड्यांना सारखे काम करावे लागते. आठवड्यातून दोनदा पाण्यातल्या ट्रेडमिलवरही नेत होतो. पाणी घोट्यापर्यंत असेल तर पायांवर जमिनीवरच्या वजनाच्या सुमारे ९१ टक्के भार येतो, गुडघ्यापर्यंत असेल तर सुमारे ८५ टक्के आणि कुल्ह्यापर्यंत असेल तर केवळ ३८ टक्के. म्हणूनच पाण्याची पातळी किती ठेवायची, हे तिथे दर वेळी मोजून ठरवत. जमिनीवर अजूनही अधूनमधून पाय हलका ठेवणारा बंड्या पाण्यात चारही पाय सारखे टाकताना मी पहिल्यांदा पाहिला, तेव्हा माझा गळा दाटून आला.

वजनाकडे आम्ही पहिल्या दिवसापासून लक्ष दिले होते. हालचाल बंद असताना पूर्वीइतकेच खाणे चालू ठेवले असते, तर प्रत्येक जास्तीचा किलो त्याच गुडघ्यावर आला असता. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे अन्न सुमारे पाव भागाने कमी केले आणि बक्षिसाचा खाऊही त्यातूनच मोजून काढला. बरगड्या दिसू नयेत पण हलक्या हाताला सहज लागाव्यात, ही खूण आम्ही धरली. चार महिन्यांत तो ३१ वरून २८ किलोंवर आला. मांडीचा घेर दर रविवारी, त्याला त्याच जागी, त्याच पद्धतीने उभे करून फितीने मोजत होतो. शस्त्रक्रियेच्या वेळी दोन्ही मांड्यांत तीन सेंटिमीटरांचा फरक होता. सोळाव्या आठवड्यात तो एक सेंटिमीटरहून कमी राहिला.

बाराव्या आठवड्यानंतर हाड पूर्ण सांधल्याचे सांगून डॉक्टरांनी बंधने हळूहळू उठवायला परवानगी दिली. बंड्याला लांब दोरीवर संथ पळू द्यायला मी आणखी दहा दिवस घेतले, आणि पट्टा पूर्ण काढायला त्याहून जास्त. चेंडू मात्र आम्ही परत काढलेला नाही. झटक्यात थांबणे आणि वळणे यांत गुडघ्याला जो पीळ बसतो तो त्याच्या वाट्याला पुन्हा यावा असे मला वाटत नाही. आता तो लपवलेल्या वस्तू शोधतो, आणि त्यातही तितकाच रमतो.

एका पायाचे लिगामेंट विरून तुटलेल्या कुत्र्यांपैकी बऱ्याच जणांच्या दुसऱ्या पायाचेही पुढे तुटते, हे डॉक्टरांनी सुरुवातीलाच सांगून ठेवले होते. परवा संध्याकाळी बंड्या अंगणातून आला आणि माझ्यासमोर बसला. डावा पाय नीट दुमडून अंगाखाली घेतलेला होता, गुडघा सरळ पुढे. मी खाली वाकून त्याचा उजवा पाय पाहिला. तोही सरळच होता. मी वहीत तारीख घातली आणि पुढे लिहिले, “दोन्ही सरळ.”